मास्तर, मुठी यायला लागल्या

मास्तर, पेरणी तोंडावर आलेली असताना माणसानं असं उठून जायचं असतं का? हस्ताचा पाऊस उघडला, रानाला वाफसा आला, मी ओसरीतलं गाडगं घासून पालथं घातलं आणि तुमच्या सायकलच्या घंटीकडं कान लावून बसले. दुपारी घंटी वाजली. सायकल तुमचीच होती, पण तिच्यावरून उतरला तो तुमचा धाकटा भाऊ. 'दादा गेला, वहिनी,' एवढंच बोलला आणि पायरीवर बसला. मी त्याच्यावरच खेकसले. म्हटलं, असली चेष्टा करतात होय? बिचारा लोहाऱ्यातल्या तुमच्या खोलीतलं सामान आवरून उन्हातान्हाचा सास्तूरला आलेला, आणि मी त्याला पाणी द्यायचं सोडून बोल लावत होते. शेवटी आमच्या ह्यांनीच तांब्या आणून दिला.

ताप कसला होता, औषध कुणाचं चाललं होतं, मी काही विचारलं नाही. विचारून तुम्ही परत येणार होता थोडेच. ते सगळं तुमच्या शेतकी खात्यातले लोक लिहितील, तुम्ही कुठं जन्मलात, हैदराबादला विद्यापीठात काय शिकलात, कुठं कुठं नोकरी केलीत. मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि अर्धं भांडण पोटात ठेवून मला झोप लागत नाही. माझे वडील कळंबला आडतीवर कामाला होते. त्यांनी मला लिहा-वाचायला शिकवलं तेव्हा आई म्हणायची, 'हिला काय सासरी हुकूम काढायचेत?' हुकूम नाही काढले, पण त्यामुळं मी तुम्हाला हे लिहू तरी शकते.

आठवतं का, तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस? हसू नका. सरकारी शिपायाकरवी दवंडी पिटवलीत, अमुक दिवशी सकाळी सगळ्या शेतकऱ्यांनी चावडीत जमावं, शेतकी मास्तर नमुना दाखवणार. आणि दिवस कुठला निवडलात? येळवसचा, वेळ अमावास्येचा! वर्षातून एकच दिवस असा, की या मुलखात गावात माणूस सापडत नाही. चुली थंड, दारं लोटलेली, सगळं गाव रानात. तुम्ही पडलात ईट गावचे, तुमच्याकडं हा सण आमच्यासारखा नाही, तुम्हाला काय ठाऊक. चावडीत तुम्ही एकटे टेबल मांडून बसलात. एक म्हातारा पेंगत होता, तोही गुडघे दुखतात म्हणून मागं राहिलेला. 'गाव ओस कशानं पडलं?' म्हणून तुम्ही घाबरून त्याला विचारलंत. त्याला वाटलं तुम्ही सरकारी धान्याची लेव्ही गोळा करायला आलात, म्हणून तो काही सांगेना.

मग तुम्ही सायकल ढकलत पांदीनं निघालात आणि आमच्या रानात शिरलात. कोट घातलेला माणूस बघून आमच्या ह्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. लढाईचा काळ, लेव्हीवाले घरात शिरून कणग्या उपसायचे. पण येळवसला रानात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नसतं, मग तो वैरी का असेना. मी कडब्याच्या कोपीपुढं घोंगडी टाकली आणि म्हटलं, 'बसा साहेब. आधी खा, मग काय जप्त करायचं ते करा.' तुम्ही पालेभाज्या-शेंगांची भज्जी तीनदा मागून घेतलीत. आंबील प्यालात, पिठाचे उंडे कशाशी खातात ते विचारून घेतलंत. आणि हात धुता धुता बांधावरचं एक कणीस मोडून चोळलंत. दाण्याच्या जागी नुसता काळा भुगा. तुमच्या कोटाची बाही काळी झाली.

'याला तुम्ही काय म्हणता?'

'काणी,' हे म्हणाले. 'दरसालचं हाय ते. देवाची मर्जी.'

'देवाचा यात काही संबंध नाही,' तुम्ही म्हणालात. 'ही बियाण्याबरोबर येते. पेरायच्या आधी बी गंधकात चोळलं तर येणार नाही.' आणि पेटीतून पिवळी पूड काढून दाखवलीत. सण होता म्हणून आजूबाजूच्या रानातली माणसं आमच्या कोपीशी जेवायला आलेली. जी माणसं चावडीत आली नसती, ती सगळी आयती तुमच्यापुढं बसली होती. तुमची सभा झाली ती अशी, मास्तर, आणि ती माझ्या भज्जीनं झाली. हे तुम्ही पुढं कधी कबूल केलं नाहीत.

तेव्हाच तात्या बोलले. तात्या म्हणजे आमचे चुलत सासरे, भावकीत वडीलधारे, अर्धं बोलणं कानडी. 'बेड रे, बेड,' ते हात झटकत म्हणाले. नको, नको. 'काळी कणसं हायत म्हणून तर वाचलो आमी. पीक डोळ्यात भरलं की लेव्हीवाला पोती वाढवतो. ही काणी न्हाय, आमची राखणदार हाय.' सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. तुम्ही मला विचारलंत, 'वहिनी, राखणदाराला पोसायला घरातलं किती जातं?' मला जावेच्या लेकरांची तोंडं आठवली. माघात आमची कणगी तळाला जायची, दरसाल. मीच ह्यांना म्हटलं, 'ओढ्याकाठचा तुकडा द्या मास्तरांना नमुन्यासाठी. ओढ्याकडं कुणी लेव्हीवाला फिरकत न्हाय.' हे माझ्याकडं बघतच राहिले. पण दिला.

पुढच्या पेरणीला तुम्ही आदल्या दिवशी येऊन स्वतः गाडग्यात बी आणि गंधक घालून हलवलंत, घाम पुसत, शिंकत. घरभर वास. सासूबाई पदर नाकाला लावून बाहेर जाऊन बसल्या. 'आता याला हात लावू नका,' असं बजावून तुम्ही लोहाऱ्याला गेलात. हात आम्ही लावलाच नाही, मास्तर. आम्ही फक्त मुठी घातल्या.

ते तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? श्वास घेतो म्हणून कुणी सांगतं का? आमच्या भावकीत ज्याचं रान पेरायचं, त्याच्याकडं पहाटे बाकीच्या घरांतून एकेक मूठ बी येतं. घरातली मोठी बाई ओंजळीत घेऊन येते, पाटी आपल्या बियाण्यानं भरलेली असते तिच्यात टाकते, आणि मग घरधनीण बी सोडायला तिफणीच्या चाड्यावर हात ठेवते. कुणाशी वर्षभर अबोला असला तरी मूठ येते. मूठ आली नाही तर समजायचं, घर तुटलं. सासूबाईंनी मला या घरात आल्या वर्षी हेच पहिलं शिकवलं, भाकरी थापायच्याही आधी. तर त्या पहाटे सगळ्या घरांच्या मुठी आल्या, तात्यांच्या घरची सगळ्यात मोठी, आणि मी त्या तुमच्या पिवळ्या बियाण्यात दोन्ही हातांनी छान कालवल्या.

येळवस आली. तुम्ही कळंबचे दोन बागाईतदार बरोबर घेऊन आलात, हौसेनं, आपला नमुना दाखवायला. ज्वारी कंबरेवर गेलेली, कणसं टपोरी. तुम्ही ऐटीत तुकड्यात शिरलात आणि चार पावलांवर थांबलात. काळं कणीस. थोडं पुढं दुसरं. मग कोपऱ्यात आणखी. खूप नव्हती, पण होती. तात्यांना तर सणाचं गोड मिळालं. 'औषध पिवळं आन् कणीस काळं!' ते ओरडले, आणि कोपीपासून कोपीपर्यंत ते पोचलं. पाहुण्यांनी नुसतं जेवण करून काढता पाय घेतला. तुम्ही बांधावर डोक्याला हात लावून बसलात. मला वाटलं, झालं, आता हा माणूस उद्यापासून या गावाचं तोंड बघणार नाही, आणि आमचं हसं झालं ते वेगळंच.

मी आंबीलचा वाडगा घेऊन आले तर तुम्ही एवढंच म्हणालात, 'वहिनी, मी गेल्यावर त्या बियाण्याला काय काय केलंत? काहीही सोडू नका.' मी सांगत गेले. झाकण काढलं, दिवा लावला, कुंकू वाहिलं, मुठी घातल्या...

'काय घातलं?'

'मुठी. भावकीच्या.'

तुम्ही आधी डोळे मिटलेत. मग जे हसायला लागलात! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलात, वाडगा उपडा झाला, माझी आंबील मातीत. तात्या लांबून बघत होते, त्यांना वाटलं मास्तरला वेड लागलं. खरं सांगते, त्या हसण्यामुळं तुम्ही आमच्या घरचे झालात. दुसरा कुणी साहेब असता तर आम्हाला अडाणी म्हणून कागद काळे करून बदली मागून गेला असता.

पण हसणं सरल्यावर तुम्ही म्हणालात, 'ही मूठ बंद करा.' आणि मी म्हटलं, 'जमणार न्हाय.' तिथून आपलं भांडण सुरू झालं ते काल तुमचा भाऊ येईपर्यंत चालू होतं.

त्यातून निघालेली वाट कुणी काढली यावर तर आपण किती वाद घातला. तुम्ही म्हणायचा मी काढली, मी म्हणायचे मी. आता तुम्ही उत्तर द्यायला नाही, तर मी जिंकले असं म्हणत नाही, पण वाट मीच काढली. मी म्हटलं, मूठ बंद होणार नाही, तुमचं गाडगंच मुठींपर्यंत न्या. आणि तुम्ही नेलंत. पुढच्या पेरणीला पहाटेच आमच्या अंगणात गाडगं घेऊन बसलात, आणि जी बाई मूठ घेऊन आली तिची मूठ आधी गंधकात, मग पाटीत. बायका आधी लाजल्या. मग एक म्हणाली, 'मास्तर, एका मुठीला लावता तर आमच्या पाटीला बी लावा की.' दुपारपर्यंत तुम्ही भावकीच्या घराघरातून गाडगं हलवत फिरत होतात. तुमची खात्यातली पत्रकं वर्षभर फिरून जेवढी घरं झाली नसती, तेवढी मुठीनं एका दिवसात केली.

फक्त तात्या. तात्यांनी मूठ स्वतः आणून दिली, पण बिनऔषधाची. 'मूठ देणं माझा धर्म हाय, गंधक तुमचं तुमी बघा,' म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं पाटीत टाकली. त्या क्षणी तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि मी तुमच्याकडं. मी पदर सावरला आणि ती कालवली. तुम्ही चिडलात. नंतर बांधावर दबक्या आवाजात म्हणालात, 'वहिनी, निदान एक करा. तात्यांची मूठ वेगळ्या ओळीत पेरा. कडेला, एकच ओळ. काळी कणसं तिथंच निघतील, बाकी रान स्वच्छ राहील, आणि त्यांना डोळ्यांनी दिसेल.'

'वेगळी ओळ म्हणजे वेगळी चूल, मास्तर.'

'अहो, एक ओळ! फक्त एक!'

'न्हाय म्हणजे न्हाय.'

दरसाल हेच. तुम्ही म्हणायचा, एका मूठभर हट्टापायी सगळं रान नासवताय. मी म्हणायचे, एका ओळीपायी तुम्ही घर नासवाल. तुमचंही खोटं नव्हतं, मला कळत होतं. दर येळवसला आमच्या त्या तुकड्यात दहा-पाच काळी कणसं निघायची, आणि तात्या ती मोजून सगळ्यांना दाखवायचे, आणि तुम्ही दात खाऊन भज्जी खायचात. बाकी घरांची रानं स्वच्छ आणि नमुन्याच्याच तुकड्यात काणी! कणगी मात्र त्या वर्षापासून माघात तळाला गेली नाही. एवढं मला पुरेसं होतं. तुम्हाला नव्हतं. तुम्हाला एक काळं कणीस नको होतं.

आणि मग ते निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष. रस्त्यावर चौक्या, माणूस माणसाकडं संशयानं बघायचा. गंधक बघितला की पोलिसांना दारूगोळा दिसायचा. तुम्हाला नाक्यावर धरलं, पेटी उपसली, दिवसभर उन्हात बसवून ठेवलं. 'हे ज्वारीचं औषध आहे' म्हटल्यावर ते हसले म्हणे. संध्याकाळी सोडलं तेव्हा तुम्ही थेट आमच्याकडं आलात. ओठ फुटलेला. मी हळद-तुपाचं बोट लावलं. तुम्ही म्हणालात, 'वहिनी, यंदा जमणार नाही.'

मला इतका राग आला ना. म्हटलं, असं कसं जमणार नाही? पंचमीला माझा भाऊ मला कळंबला न्यायला आला. वाटेत कितीही धामधूम असो, लेकीला माहेरी न्यायचं म्हणजे न्यायचं. परत येताना आईनं दिलेल्या हळदीच्या डब्यात वरचा थर हळदीचा, खाली सगळा कळंबच्या बाजारातून मिळवलेला गंधक. नाक्यावरच्या शिपायानं झाकण उघडलं आणि हुंगलं. 'क्या है ये, बाई? बास मार रही है.' मी म्हटलं, 'हळद आहे. पावसात भिजली. तुमच्याच राज्यात भिजली, छपरं कुठं आहेत?' तो शिंकला आणि डबा माझ्या अंगावर ढकलला. भाऊ बैलांना इतक्या जोरात हाकत होता की मला वाटलं गाडी उलटणार.

तो डबा तुमच्यापुढं ठेवला तेव्हा तुम्ही बोटानं हळदीचा थर बाजूला सारलात. मग म्हणालात, 'हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला?' ओरडलातच माझ्यावर. पकडलं असतं तर, घरात लेकरं आहेत, अक्कल आहे का. माझ्या नवऱ्यानं मला कधी एवढं झापलं नसेल. मग ओसरीतनं उठून अंगणात गेलात आणि पाठमोरे उभे राहिलात. मला कळलं तुम्ही रडताय. मी हाक मारली नाही. आज वाटतं, मारायला हवी होती. मास्तर, तुम्ही मला भावासारखे होता. हे वाक्य मी कधी तोंडानं बोलले नाही, कारण आपण भेटलो की भांडायलाच लागायचो आणि भांडण संपेपर्यंत तुमची जायची वेळ व्हायची.

राज्य बदललं. तुम्ही म्हणायचा, आता बघा, प्रत्येक गावात शेतकी मास्तर येईल, विद्यापीठातली पोरं बांधावर येतील. येतील तेव्हा येतील. या पेरणीला कुणी नाही. काल तुमच्या भावाला जेवायला वाढलं आणि मी मनात एकच गोष्ट धरून बसले. सकाळी मुठी येणार. गाडगं हलवायला मास्तर नाही. बायका म्हणतील, जाऊ दे की वहिनी, यंदा तसंच टाकू. एक वर्ष तसंच टाकलं की दुसऱ्या वर्षी सवय मोडली, तिसऱ्या वर्षी रानं काळी. तुमचं सगळं आयुष्य त्या गाडग्यात होतं, आणि ते पहाटेपर्यंत टिकतंय की नाही ते मला ठाऊक नव्हतं.

पहाटे मीच गाडगं घेऊन अंगणात बसले. तुमच्याच जागेवर. पहिली जाऊ आली. तिनं ओंजळ उघडली तर बी पिवळं. 'गेल्या साली उरलेल्या गंधकात घरीच चोळून आणलं,' म्हणाली. दुसरी आली, तिचंही पिवळं. तिसरीचं तर इतकं पिवळं की निम्मा गंधक वायाच. मी तिच्यावर ओरडले, तुमच्याच आवाजात, आणि सगळ्या हसल्या आणि सगळ्या रडल्या. गाडगं माझ्यापुढं रिकामंच राहिलं, मास्तर. त्याची गरजच पडली नाही.

मग तात्या आले. यंदा थकलेत, काठी टेकत. मूठ झाकलेली. पाटीशी वाकले आणि बोटं उघडली. नखांपर्यंत पिवळी.

मी नुसती बघत राहिले. 'तात्या, हे...'

'बघतेस काय, पोरी?' ते खेकसले. 'म्या तिसऱ्या वर्षीच माझ्या रानात गंधक लावलं हुतं, गुपचूप. फकस्त तुझ्याच पाटीत बिनगंधकाची मूठ टाकत हुतो. त्या ईटच्या माणसासमोर हरायचं न्हवतं मला. लई बोलायचा.' आणि काठी फिरवून चालायला लागले. चार पावलांवर थांबले. 'आज असता तर आजबी गंधक लावलं नसतं,' म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत गेले. ऐकलंत? इतकी वर्षं तुम्ही दात खात भज्जी खाल्लीत आणि तात्यांचं स्वतःचं रान स्वच्छ होतं!

तेवढ्यात तुमचा भाऊ पुढं आला. रात्री त्याला मुठींचं सगळं सांगितलं होतं. त्यानं पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढली. तुमच्या खोलीत मिळाली म्हणाला, ईटच्या तुमच्या घरच्या रानातली ज्वारी, आईनं तुमच्याकडं दिलेली. 'दादा म्हणायचा, सास्तूरला माझी मूठ कधी कुणी मागितली नाही.' तुम्ही असं म्हणत होता? मग तोंड उघडायचं की! गंधकाचं गाडगं घेऊन यायचात, आम्हाला वाटायचं तीच तुमची मूठ.

मी ती गंधकात चोळली. हे तिफण घेऊन आले तेव्हा माझ्या मनात एकदा आलं, मास्तरांचा एवढा हट्ट होता, तर आज कडेला एक वेगळी ओळ पेरावी, मास्तरांच्या नावाची. ह्यांना तसं सांगितलंसुद्धा. त्यांनी बैल कडेला वळवलेही. मग माझाच हात थांबला.

मास्तर, तुमचं ऐकलं नाही. शेवटचंही ऐकलं नाही. तुमची मूठ मी पाटीत टाकली, तात्यांच्या मुठीवर, आणि दोन्ही हातांनी तळापर्यंत कालवली. बियाण्यानं ओटी भरली, चाड्यावर हात ठेवला. येळवसला तुमच्या भावाला बोलावलंय. त्यानं विचारलं की यातली दादाची ज्वारी कुठली, तर मी त्याला आधी पोटभर जेवायला घालीन, मग बांधावर उभी राहून सगळं रान दाखवीन आणि म्हणेन, शोध.